सीमेपलीकडील भौतिकोपचार-विद्यालयात प्रवेश

मोडलेले हाड जुळल्यावर आखडून राहिलेला सांधा मोकळा करणे, अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हातास पुन्हा पेला धरावयास शिकविणे, शस्त्रक्रियेनंतर रोग्यास उठवून चालते करणे, ही भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, नित्याची कामे होत. आपल्या बेळगावातही ही विद्या शिकविणारे महाविद्यालय आहे. तरीही हा अभ्यास परदेशी जाऊन करता येईल काय, असे पुष्कळ पालक विचारतात. ह्या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत. तेथे शिकता येईल काय, हा पहिला. आणि शिकल्यावर काम कोठे करता येईल, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याचेच उत्तर शोधीत बसतात. आमच्या मते दुसरा प्रश्न आधी विचारावयास हवा. त्याचे कारण स्पष्ट व्हावे म्हणून आपण दोन सख्ख्या शेजाऱ्यांचे उदाहरण घेऊ.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात विंडसर नावाचे शहर आहे. नदीच्या पैलतीरी अमेरिकेतील डेट्रॉइट. १९२९ साली खुला झालेला ॲम्बॅसॅडर पूल ह्या दोहोंस जोडतो, आणि विंडसरमधील कित्येक परिचारिका सकाळी पूल वा बोगदा ओलांडून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामास जातात व सायंकाळी घरी परततात. आता विंडसरमधील एक विद्यार्थिनी कल्पावी. तिला भौतिकोपचार शिकावयाचा आहे. तिच्या शहरातील विद्यापीठात हा अभ्यासक्रम नाही. स्वदेशातील सर्वांत जवळचे विद्यालय लंडन ह्या गावी (हे लंडन ऑन्टारिओतील, इंग्लंडातील नव्हे) सुमारे १९० किलोमीटरांवर आहे. उलट नदी ओलांडताच डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठाचे विद्यालय आहे. ती कोठे अर्ज करील?

दोन्हीकडे आधी पदवी घ्यावी लागते. पण पुढच्या वाटा भिन्न आहेत. कॅनडात ही विद्या सुमारे दोन वर्षांच्या 'मास्टर' पदवीने मिळते. अमेरिकेत २०१६ पासून मान्यताप्राप्त विद्यालयांस 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' हीच पदवी द्यावी लागते, व तिला साधारणतः तीन वर्षे लागतात. ऑन्टारिओत एकाच मध्यवर्ती कचेरीमार्फत अर्ज जातो आणि अखेरच्या दोन वर्षांच्या गुणांस फार महत्त्व असते. जागा मोजक्या, इच्छुक उदंड. अमेरिकेत अडीचशेहून अधिक विद्यालये आहेत. बहुतेक ठिकाणी पदार्थविज्ञान व रसायन प्रयोगांसह केलेले लागते. शरीररचना, शरीरक्रिया, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हेही विषय हवेत. रुग्णालयात बसून तज्ज्ञाचे काम पाहिल्याचे तास नोंदवून घ्यावे लागतात, ते निराळेच. जिने पदवीच्या पहिल्या वर्षी पदार्थविज्ञान सोडून दिले, तिला अमेरिकेचे दार जवळ असूनही बंद झालेले आढळेल. खर्चाविषयी इतकेच सांगतो, की अमेरिकन केंद्र सरकारची विद्यार्थी-कर्जे परदेशी विद्यार्थ्यास मिळत नाहीत.

समजा, तिला डेट्रॉइटमध्ये प्रवेश मिळाला. कॅनडाच्या नागरिकास त्यासाठी व्हिसा लागत नाही, विद्यालयाने दिलेले प्रवेशपत्रक व ठरलेले शुल्क पुरते. तीन वर्षांनी ती पदवीधर झाली, राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाली आणि तिला मिशिगन राज्याचा परवाना मिळाला. ह्या परवान्याने ती डेट्रॉइटमध्ये रोगी तपासू शकते. स्वतःच्या आईच्या घरासमोरील विंडसरच्या रुग्णालयात मात्र तिला तसे करता येत नाही! तेथे ती 'परदेशी शिकलेली' ठरते. तिने आपल्या शिक्षणाचे मूल्यमापन कॅनडातील नियामकांच्या संघाकडून करवून घ्यावे, तेथील परीक्षा द्यावी आणि मग ऑन्टारिओच्या 'कॉलेज ऑफ फिजिओथेरपिस्ट्स' मध्ये नाव नोंदवावे. नावात 'कॉलेज' असले तरी तेथे कोणी शिकवीत नाही. ते परवाना देणारे मंडळ आहे. ह्या नावाने नवख्यांची पुष्कळ फसगत होते. उलट दिशेनेही तीच कथा. ऑन्टारिओत शिकलेल्याच्या एकेका विषयाची अमेरिकन अभ्यासक्रमाशी तुलना होते, आणि उणीव निघाल्यास ती भरून द्यावी लागते.

येथे कोणी म्हणेल, की दोन्ही देशांत ह्याविषयी करार आहे ना? आहे. १९९४ च्या उत्तर अमेरिकी व्यापार-कराराने, व २०२० पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कराराने, ज्या व्यावसायिकांस सीमा ओलांडून नोकरी करण्याची सोय दिली, त्यांच्या यादीत भौतिकोपचारतज्ज्ञ आहेत. परंतु करार देशात येऊ देतो. रोग्यास हात लावण्याची अनुज्ञा राज्याचे मंडळच देते. शिवाय ही सोय केवळ नागरिकांस आहे. कॅनडात स्थायिक होऊनही ज्यांनी अद्याप नागरिकत्व घेतलेले नाही, त्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुलांस ती लागू पडत नाही. नियम मध्येच बदलतात, हेही लक्षात असावे. कॅनडाच्या राष्ट्रीय परीक्षेचा प्रात्यक्षिक भाग कोरोनाच्या साथीत थांबला व २०२२ मध्ये कायमचा बंद झाला. ती परीक्षा देण्याच्या तयारीत असलेले उमेदवार कित्येक महिने अधांतरी राहिले.

पूर्वी असे नव्हते. अमेरिकेत ह्या विद्येचा पाया घालणारी मेरी मॅकमिलन जन्माने अमेरिकन, पण इंग्लंडात वाढली व तेथेच शिकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने अमेरिकन सैन्यासाठी शेकडो स्त्रियांना तयार केले. १९२१ साली अमेरिकेत ह्या व्यवसायाची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिची पहिली अध्यक्षा हीच. आज तिला आधी आपल्या इंग्रजी शिक्षणाचे मूल्यमापन करवून घ्यावे लागले असते. ह्यात रोग्याचे हित आहे हे आम्ही नाकारीत नाही. मानेस चुकीचा झटका बसल्यास काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो परवान्यास नावे ठेवणार नाही.

आपल्याकडील विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण येथेच पदवी घेऊन मग बाहेर जाऊ पाहतात. आपला पदवी-अभ्यासक्रम पुष्कळ वर्षे साडेचार वर्षांचा, म्हणजे चार वर्षे शिक्षण व सहा महिने आंतरवासिता, असा चालत आला. अमेरिकेतील मूल्यमापनात तो बारावीनंतर थेट सुरू होणारा अभ्यास म्हणून तपासला जातो, आणि काही विषय कमी पडल्याचा निर्णय येणे नवलाचे नाही. तपासणारे केवळ गुणपत्रिका पाहत नाहीत. कोणता विषय किती तास शिकविला, रुग्णालयातील प्रत्यक्ष काम किती झाले, हे महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी मागतात. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची अभ्यासक्रम-पुस्तिका जपून ठेवा व आंतरवासितेच्या तासांची नोंद वरिष्ठांच्या सहीने त्या त्या महिन्यातच करून घ्या. पाच-सात वर्षांनी तीच पुस्तिका मागावयास गेल्यास कचेरीत नवी आवृत्ती पुढे करतात. जुनी कोणाजवळच नसते.