भिंतीवरील शिसे आणि घरमालकाचे उत्तरदायित्व

शिशाची विषबाधा म्हटली की कारखान्यातील कामगार डोळ्यांपुढे येतो. परंतु बालकाच्या बाबतीत या विषाचा उगम पुष्कळदा घरातच, जुन्या भिंतीच्या वा खिडकीच्या रंगात असतो. या प्रश्नाला न्यूयॉर्क शहराने दिलेले कायदेशीर उत्तर वैद्यकीय दृष्ट्याही अभ्यसनीय आहे.

शिशाच्या संयुगांमुळे तेलरंग लवकर वाळतो, चकाकतो आणि दीर्घकाळ टिकतो. म्हणून त्यांचा वापर सर्वत्र झाला. रंग जुना झाला की त्याचे पोपडे सुटतात. खिडकीची तावदाने वरखाली सरकताना घर्षणाने त्याची सूक्ष्म धूळ होते. रांगत्या मुलाचे हात जमिनीवरून थेट तोंडात जातात. प्रौढाच्या तुलनेत बालकाच्या आतड्यातून शिसे कितीतरी अधिक शोषले जाते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी वाढते.

रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 साली बालकांसाठी संदर्भ-पातळी दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. चिलेशनचा उपचार मात्र सामान्यतः 45 मायक्रोग्रॅम व त्यापुढे केला जातो. 20 ते 44 मायक्रोग्रॅम पातळीच्या 780 बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. सक्सिमर या औषधाने रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धिमत्तेच्या कसोट्यांत लाभ दिसला नाही. तात्पर्य, मेंदूची हानी औषधाने भरून निघत नाही. खरा उपचार भिंतीवरच व्हावयास हवा.

न्यूयॉर्क शहराने 1960 साली घरांत शिशाच्या रंगावर बंदी घातली. संपूर्ण अमेरिकेत ती 1978 साली आली. तथापि आधी लावलेला रंग बंदीने नाहीसा होत नाही. म्हणून 2004 च्या ‘स्थानिक कायदा क्रमांक 1’ ने पुराव्याचा भारच फिरविला. 1960 पूर्वीच्या बहुबिऱ्हाडी इमारतीत सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर तेथील रंगात शिसे आहे असेच गृहीत धरले जाते. तसे नाही हे मालकाने सिद्ध करावयाचे. 2019 च्या दुरुस्तीने ‘राहणे’ या शब्दात आठवड्यास दहा तास नियमितपणे घालविणेही धरले. आजी-आजोबांकडे सांभाळावयास ठेवलेले नातवंडही त्यामुळे कायद्याच्या छायेत आले.

मालकाची कर्तव्ये अशी:

1. दरवर्षी जानेवारीच्या पूर्वार्धात भाडेकरूस लेखी सूचना देऊन लहान मूल आहे का हे विचारणे. उत्तर न आल्यास स्वतः शोध घेणे.

2. अशा घरांची वर्षातून एकदा पाहणी करून पोपडे व घर्षणाच्या जागा दुरुस्त करणे.

3. घर रिकामे होताच, नवे भाडेकरू येण्यापूर्वी, दारे-खिडक्यांचे घासणारे पृष्ठभाग सुरक्षित करणे.

4. प्रशिक्षित कामगारांकडून ओल्या पद्धतीने काम करवून घेणे. कोरडे खरवडणे निषिद्ध आहे. शेवटी धुळीची तपासणी आवश्यक असते.

5. नोंदी दहा वर्षे जपणे.

उल्लंघन ‘सी’ वर्गात, म्हणजे तत्काळ धोक्याच्या वर्गात मोडते. ते दूर करण्यास 21 दिवसांची मुदत असते. मालकाने टाळाटाळ केल्यास शहराचे गृहखाते दुरुस्ती करवून खर्च त्याच्याकडून वसूल करते. 2020 च्या कायद्याने भाड्याच्या जुन्या घरांची एक्सआरएफ यंत्राने तपासणी 9 ऑगस्ट 2025 पर्यंत सक्तीची केली. 1 डिसेंबर 2021 पासून शिशाची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिग्रॅमवरून 0.5 मिलिग्रॅमवर आली.

या साऱ्यामागील तत्त्व एकच: धोका शोधण्याचे साधन बालकाचे रक्त नव्हे. ते दूषित झाल्यावर जागे होणे म्हणजे उशिराच जागे होणे होय.

भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 भाग आहे. हा नियम नव्या रंगाच्या निर्मितीस व विक्रीस लागू आहे. जुन्या वाड्यांच्या दारा-खिडक्यांवरील तेलरंगाचे थर त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. ज्याला आपण शेंदूर म्हणतो तेही परंपरेने शिशाचेच संयुग होय. म्हणून पंडुरोगी, चिडचिडे, पोटदुखीने त्रस्त वा अभ्यासात मागे पडणारे मूल समोर आल्यास वैद्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: घर किती जुने आहे, आणि अलीकडे रंग खरवडला होता काय? आणि घराची डागडुजी काढणाऱ्या प्रत्येकाने, तो मालक असो वा भाडेकरू, रंग कोरडा खरवडू नये आणि काम पुरे होऊन घर ओल्या फडक्याने पुसून काढेपर्यंत मुले व गर्भवती स्त्रिया यांना तेथून दूर ठेवावे.