नळ्यांत कूलंट नको, पाणीच भरा

प्रश्न : अंगणात नळ्या पुरून जमिनीच्या गारव्यावर घर थंड करायचं आहे. मिस्त्री म्हणतो, नळ्यांत गाडीचं कूलंट भरा, जास्त थंड होईल. जवळच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. धोका नाही ना?
– एक वाचक, राळेगाव

उत्तर : विहिरीची शंका आली ते बरं झालं. कूलंट भरू नका. त्यानं गारवा वाढत नाही. इंजिनातलं पाणी गोठू वा उकळू नये आणि गंज धरू नये, यासाठी ते असतं. उष्णता वाहून न्यायला साधं पाणीच सरस, आणि आपल्याकडे जमीन कुठे गोठते? शिवाय बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आणि वर चवीला गोड, त्यामुळे सांडलेलं कुत्री-वासरं चाटतात.

बोअरचं पाणी मात्र थेट भरू नका, क्षार साचतात; डिस्टिल्ड किंवा आरओचं भरा. पुढे नळ्यांना हीट पंप जोडलात आणि तो बसवणाऱ्यानं गोठणरोधक मागितलाच, तर फूड ग्रेड प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्या, तेही त्यानं सांगितलेल्या प्रमाणातच.

खरी काळजी सांध्यांची. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि सांधे ताणते. म्हणून एचडीपीई नळ्या वितळवून जोडून घ्या, बुजवण्याआधी दाबाची चाचणी करा आणि गेज कायमचा बसवा. काटा उतरला, तर नुसतं पाणी भरत बसू नका, गळती शोधा.

तीन-चार मीटर खाली मातीचं तापमान साधारण २७-२८ अंश असतं. मे महिन्यात तेवढाही दिलासा मोठा. पण एसीचा गारठा हवा असेल, तर हीट पंप लागेलच.