जुने लेखन-मेज निवडताना

आपल्या वऱ्हाडात जुनी लेखन-मेजे मुख्यतः दोन प्रकारची आढळतात. कारंजा, वाशीमसारख्या बाजारपेठांतील पेढ्यांवरचा मुनिमाचा बैठा, उतरत्या झाकणाचा डेस्क हा एक. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून रूढ झालेले उंच टेबल हा दुसरा. पहिल्यापुढे मांडी घालावी लागते, दुसऱ्यापुढे खुर्ची. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न लाकडाचा नसून बैठकीचा आहे. तासन्‌तास मांडी घालून बसणे ज्याला जमत नाही, त्याने बैठा डेस्क केवळ शोभेसाठी घेऊ नये. खुर्चीच्या टेबलाची उंची सुमारे ३० इंच असावी.

लाकडाची पारख पॉलिशवरून करू नये. मी खण बाहेर काढून त्याची खालची बाजू पाहतो. तेथे लाकूड आपले खरे रूप दाखविते. सागाच्या गाभ्यातील तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. कडेचे फिकट लाकूड मात्र तिला बळी पडते. बारीक छिद्रांतून ताजा भुसा गळत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजावे. सैल झालेला सांधा सुतार पुन्हा बसवितो. पोखरलेला पाय बदलावाच लागतो.

शाईचे डाग मात्र रंधा मारून काढू नयेत. जुना वाडा उतरविताना अशी मेजे सरपणात जातात, हे एक नुकसान. हौसेने तासून ती नवी करणे, हे दुसरे. त्या डागांतच कुणाच्या तरी हिशेबाचे आणि अभ्यासाचे दिवस उरलेले असतात.