एका दाढेचा खर्च, दोन तिजोऱ्या

दाढेची कीड मज्जेपर्यंत पोहोचली की उपचाराचे दोन टप्पे होतात. पहिल्यात मुळांतील नलिका स्वच्छ करून भरल्या जातात. व्यवहारात याला रूट कॅनाल म्हणतात. दुसऱ्यात ठिसूळ झालेल्या दाढेवर कॅप बसवली जाते. दंतवैद्यकाच्या दृष्टीने हा एकच उपचार आहे. खर्चाच्या दृष्टीने मात्र राजधानी परिसरात तो अनेकदा दोन ठिकाणी, दोन तिजोऱ्यांतून पार पडतो.

रूट कॅनालसाठी रुग्ण एखाद्या शासकीय दंत रुग्णालयात जातो. बहादूरशाह जफर मार्गावरील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी हे काम खासगी दवाखान्याच्या तुलनेत अत्यल्प खर्चात होते. कॅपला मात्र साहित्य लागते, प्रयोगशाळा लागते, पुन्हा रांग लावावी लागते. रोजंदारी बुडवून नोएडा किंवा फरिदाबादहून वारंवार येणे ज्याला परवडत नाही, तो कॅप घराजवळच्या खासगी दवाखान्यात बसवू म्हणतो आणि पैशांअभावी ते लांबणीवर टाकतो. दुखणे थांबलेले असते, त्यामुळे घाईही वाटत नाही. मग एखाद्या दिवशी कठीण घास चावताना दाढ दुभंगते आणि काढावी लागते. रूट कॅनालवर झालेला सार्वजनिक खर्चही तिच्याबरोबर वाया जातो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे दोन्ही टप्पे परस्परपूरक आहेत. एकाला अनुदान देऊन दुसरा वाऱ्यावर सोडला, तर अनुदानाचे फळ रुग्णाच्या खिशावर अवलंबून राहते.

ज्यांना संरक्षण आहे त्यांची स्थिती बरी आहे. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकार आरोग्य योजनेत (सीजीएचएस) खासगी रुग्णालये व दंत दवाखाने संलग्न केले जातात आणि प्रत्येक प्रक्रियेचा दर ठरवून दिला जातो. प्रतिपूर्ती मंजूर दर किंवा प्रत्यक्ष खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच मिळते. १३ ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेचे सुधारित दर लागू झाले. समजा, एखाद्या प्रक्रियेचा मंजूर दर ३,००० रुपये आहे आणि रुग्णाने संलग्न नसलेल्या दवाखान्यात ८,००० रुपये मोजले; तर उरलेले ५,००० त्याचेच. खासगी आणि सार्वजनिक पैशांचा संयोग येथे होतो, पण तो उपचार संपल्यावर, बिल मंजूर होताना. आधी कोणी समजावून सांगितलेला नसतो.

असंघटित क्षेत्रातील कुटुंबांना एवढाही आधार नाही. दिल्ली एप्रिल २०२५ मध्ये आयुष्मान भारत योजनेत सामील झाली, हे स्वागतार्हच. परंतु या योजनेचा रोख रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. दात भरणे वा रूट कॅनाल यांसारखे बाह्यरुग्ण विभागातील नित्याचे दंतोपचार तिच्या कक्षेबाहेर राहतात. लाखो रुपयांचे विमाछत्र असलेल्या कुटुंबाला काही हजारांच्या कॅपसाठी उसनवारी करावी लागावी, ही विसंगती आहे.

इंग्लंडमधील व्यवस्था या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००६ मध्ये दंतोपचारांचे शुल्क तीन पट्ट्यांत बसवले. एप्रिल २०२५ च्या दरांनुसार दुसरा पट्टा ७५.३० पौंडांचा, तर तिसरा ३२६.७० पौंडांचा होता. रूट कॅनाल दुसऱ्या पट्ट्यात, कॅप तिसऱ्यात. पण दोन्ही एकाच उपचारक्रमात झाल्यास तिसऱ्या पट्ट्याचे एकच शुल्क लागते. आकारणीचे एकक प्रक्रिया नसून उपचारक्रम आहे, हे येथे महत्त्वाचे. याखेरीज रुग्णाला दाताच्या रंगाची महागडी कॅप हवी असेल, तर ती खासगीरीत्या घेता येते. मात्र सरकारी आणि खासगी भाग व त्यांची रक्कम आराखड्यात स्वतंत्र लिहून द्यावी लागते. ही सेवा सर्वांना सहज मिळते असे नव्हे. सरकारी दंतवैद्य मिळेनासा झाल्याची तक्रार तेथेही जुनी आहे.

मिश्र खर्चात धोकाही आहे. सल्ला देणारा आणि सेवा विकणारा एकच असतो, आणि रुग्णाला गरज पारखता येत नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ च्या निबंधात वैद्यकीय बाजाराचे हेच वैशिष्ट्य विशद केले होते. ‘सरकारी कॅप टिकत नाही’ एवढे एक वाक्य रुग्णाला महागड्या पर्यायाकडे वळवण्यास पुरेसे असते. म्हणूनच इंग्लंडमध्ये, सरकारी सेवेत उपलब्ध असलेला आवश्यक उपचार तेथे मिळत नाही असे भासवण्यास दंतवैद्याला मनाई आहे.

दिल्लीपुरता विचार करता, साध्या धातूच्या कॅपपर्यंतचा संपूर्ण खर्च सार्वजनिक निधीने उचलावा आणि सिरॅमिकच्या हौसेचा फरक रुग्णाने लेखी संमतीने भरावा, हा मार्ग व्यवहार्य दिसतो. सीजीएचएसमध्ये विशिष्ट ब्रँडच्या उपकरणाचा आग्रह धरणाऱ्या लाभार्थ्याकडून, त्याच्या लेखी विनंतीनंतर, कमाल दरावरील फरक घेण्याची पद्धत आहेच. अवघड प्रश्न निराळा आहे. शासकीय रुग्णालयात रूट कॅनाल झालेली दाढ खासगी कॅपखाली पुन्हा ठणकू लागली, तर ती कॅप फोडून उपचार कोणी करायचा आणि नव्या कॅपचे पैसे कोणी द्यायचे? आज एक दवाखाना दुसऱ्याकडे बोट दाखवतो. करारात याचे उत्तर आधीच लिहिलेले नसेल, तर दुसरे बिलही रुग्णाच्याच हाती पडेल.