मोठे रुग्णालय, विम्याचे कार्ड की जवळचा दवाखाना?

न्यासाच्या या महोत्सवी अंकासाठी आरोग्यावर काही लिहावे, अशी विश्वस्तांनी आम्हांस सूचना केली. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. म्हणून औषधोपचाराच्या वाटेस न जाता, आपल्या जोयडा तालुक्यात चावडीवर, बसथांब्यावर आणि शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावरही ज्या प्रश्नाची चर्चा चालते, तोच धड्यासारखा उलगडून पाहावा असे ठरविले. प्रश्न असा : आपल्या भागातील रुग्णसेवा सुधारावयाची तर सरकारने आधी काय करावे?

लोकांची मते काय व का, हे समजावे म्हणून आम्ही नववीच्या मुलांना एक गृहपाठ दिला. घरातील वडील माणसांना हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कारणासह लिहून आणावे, एवढेच काम. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. पण वह्या तपासता तपासता तीन मते स्पष्टपणे वेगळी झाली.

तीन मते

पहिले मत मोठ्या रुग्णालयाचे. हृदय, मेंदू, गंभीर अपघात यांवर सर्व उपचार होतील असे सुसज्ज रुग्णालय उत्तर कन्नड जिल्ह्यात हवे, या मागणीने २०१९ मध्ये जोर धरला. पुढे २० जुलै २०२२ रोजी होन्नावरहून रुग्णाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर आदळून चार माणसे दगावली. जिल्हाभर संताप उसळला आणि ‘रुग्णालय नाही तर मत नाही’ अशी घोषणा निघाली. मात्र ते कोठे व्हावे यावर एकमत नव्हते. कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे म्हणून कोणी कारवार म्हणे, किनाऱ्याच्या मध्यावर म्हणून कोणी कुमठा, तर घाटावरच्यांना सोयीचे म्हणून कोणी शिरसी. महामार्गालगतच्या व बाजारपेठेतील आमच्या पालकांचा कल या मताकडे दिसला. त्यांचे एक कारण विचारात घेण्याजोगे आहे. आपले व कारवारचे कित्येक लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात आले. जानेवारी २०१८ मध्ये तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेण्यास प्रारंभ झाला. शेजाऱ्याच्या विहिरीवर कायमचे विसंबून चालत नाही, असे एका पालकांनी लिहिले आहे.

दुसरे मत विम्याच्या कार्डाचे. २०१८ मध्ये राज्याची ‘आरोग्य कर्नाटक’ आणि केंद्राची ‘आयुष्मान भारत’ या योजना आल्या व त्याच वर्षी एकत्र झाल्या. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. इतरांस ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. या मताचे लोक म्हणतात, इमारत बांधावयास वर्षे लागतात, कार्ड मात्र हाती आले की बेळगाव-हुबळीच्या तयार रुग्णालयात जाता येते. म्हणणे खरे आहे. परंतु तातडीचा प्रसंग सोडल्यास खासगी रुग्णालयातील उपचारासाठी आधी सरकारी रुग्णालयाची शिफारसचिठ्ठी लागते. म्हणजे कार्डाची वाटही जवळच्या सरकारी दवाखान्यावरूनच जाते.

तिसरे मत रानातल्या वाड्यांचे. एका मुलीने लिहिले आहे : “आजी म्हणते, मोठ्या दवाखान्याचे मग बघू. आधी नर्स जवळ असू दे आणि गाडी दारापर्यंत येऊ दे. काकीला कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी तिला कांबळ्याच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेली. काकी वाचली, बाळ वाचले नाही.” त्या वहीवर आम्ही शुद्धलेखनाच्या चुकांची लाल खूण केली नाही.

वाद जुनाच आहे

हा वाद आजचा नाही. स्वातंत्र्यापूर्वी, १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हे गृहस्थ मूळचे नाशिकचे. समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत पायरीपायरीने दवाखाने असावेत, हा त्याचा गाभा होता. आरंभी ४० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे त्यांनी सुचविले. डॉक्टर मात्र पूर्ण शिक्षण घेतलेलेच असावेत की कमी मुदतीचा अभ्यासक्रमही चालू ठेवावा, यावर समितीतच दोन तट पडले आणि काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले. जाणत्यांत मतभेद होतात, तेथे आपल्या ओट्यावर झाले तर नवल नाही.

थोडे गणित

आता पाटी-पेन्सिल घ्यावी. सरकारी प्रमाणाप्रमाणे सपाट प्रदेशात ३० हजार व डोंगराळ प्रदेशात २० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि डोंगराळ भागात ३ हजारांमागे एक उपकेंद्र असावे. आपल्या तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ५२ हजार, आणि क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर. वीस हजारांनी भागले तर अडीच-पावणेतीन केंद्रे येतात. म्हणजे एका केंद्राच्या वाट्यास सातशे चौरस किलोमीटर रान. उपकेंद्रे सतरा येतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास शंभरावर चौरस किलोमीटर.

नियम पाळला तरी माणूस दूरच राहतो, हे या गणितातून दिसते. डोकी मोजणारा नियम दाट वस्तीला ठीक आहे. काळी नदीचे खोरे, सुप्याचे धरण, व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आणि पावसाळ्यात दरडी कोसळणारा अणशी घाट, अशा मुलखात मोजावयाचा तो वेळ. सर्पदंशाचेच घ्या. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाच्या प्रत्येक घटनेची नोंद कळविणे बंधनकारक केले. नोंद हवीच. परंतु प्रतिविष लस जितकी लवकर मिळेल तितका जीव वाचण्याचा संभव अधिक. ती कुमठ्याला असून अणशीच्या माणसाला काय उपयोग? ती जवळच्या केंद्रात, आणि ती देणारा डॉक्टर तेथे हजर पाहिजे.

केंद्र सरकारने डोंगराळ व वाळवंटी भागांतील निवडक जिल्ह्यांसाठी वाडीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर उपकेंद्र असावे, अशीही कसोटी मान्य केली आहे. आपल्या तालुक्याने हीच कसोटी मागावी, असे आमचे मत आहे.

मग मोठे रुग्णालय नको काय? हवे. कार्डही हवे. हृदयविकाराचा झटका आलेल्याला उपकेंद्र पुरे पडणार नाही. पण वाडीवरून निघालेला माणूस वाटेतच गेला, तर रुग्णालय व कार्ड दोन्ही त्याच्या कामी आली नाहीत. म्हणून आधी जवळचे, मग दूरचे, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

आपले काम

सभासद बंधुभगिनींनी यापुढे कोणतीही योजना कानी आली की चार प्रश्न विचारावेत. आपल्या वाडीवरून तेथे पोहोचावयास पावसाळ्यात किती वेळ लागेल? तेथे रात्री कोण हजर असेल? खिशातून किती पैसे जातील? आणि इमारत उभी झाल्यावर माणसे व औषधे कोण पुरवील?

न्यासाने दोन कामे हाती घ्यावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. कार्डाचे अर्ज कन्नडमध्ये असतात आणि आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांची भाषा मराठी किंवा कोंकणी. तेव्हा महिन्यातून एक दिवस तरुणांनी बसून ते भरून द्यावेत. दुसरे, प्रत्येक वाडीपासून गाडीच्या रस्त्यापर्यंत व जवळच्या दवाखान्यापर्यंत पायी किती वेळ लागतो, याची यादी करून ती ग्रामसभेत मांडावी. मत कोणाचेही कोणतेही असो, घड्याळाने मोजलेली वेळ नाकारता येत नाही.

त्या मुलीची वही आम्ही परत दिली, तेव्हा तिने विचारले, “सर, हे कोणी वाचणार का?” या अंकाचे वाचक ते वाचतील, असे आम्ही तिला सांगितले आहे.