पिकाचा फोटो काढताना : फोकसचा बिंदू आणि एक तृतीयांशाचा नियम



माती परीक्षणासाठी नमुना घेताना आपण काळजी घेतो. बांधाजवळची किंवा खताच्या ढिगाखालची माती घेत नाही, कारण नमुना चुकला की अहवाल चुकतो. आता पिकावरील रोग-किडीचा सल्ला घेताना मोबाईलवर काढलेला फोटो हाही एक नमुनाच झाला आहे. तो कसा घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या पिवळ्या पडलेल्या पानांचे दोन फोटो मला पाठविले. पान चौकटीच्या मधोमध होते, पण पुसट होते. मागची ढेकळे मात्र एक एक मोजता येतील इतकी स्वच्छ दिसत होती. पिवळेपणा पाहून मी लोहाची कमतरता समजलो आणि ०.५ टक्के फेरस सल्फेट, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, फवारण्यास सांगितले. आठ दिवसांनी शेतावर गेलो तेव्हा पानांवर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे होते आणि पानांखाली पांढरी माशी होती. तो पिवळा मोझॅक होता. रोगट झाडे पहिल्याच दिवशी उपटून नष्ट करावयास हवी होती. त्या आठ दिवसांत पांढऱ्या माशीने रोग आणखी झाडांवर नेला. फोटो पुसट होता हे खरे, पण पुसट फोटोवरून मी सल्ला द्यावयास नको होता.

फोटोत काय दिसावयास हवे?

लोहाच्या कमतरतेत नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात व शिरांमधला भाग सारखा पिवळा पडतो. चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत असा पिवळेपणा बहुधा पट्ट्याने दिसतो. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे चट्टे अनियमित असतात आणि सुरुवातीला रोगट झाडे शेतात विखुरलेली दिसतात. म्हणजे निदानासाठी दोन गोष्टी लागतात. एक, पानाच्या शिरा स्पष्ट दिसणे. दोन, रोगट भागाशेजारी निरोगी भाग दिसणे. पहिली गोष्ट फोकसच्या बिंदूने साधते, दुसरी एक तृतीयांशाच्या नियमाने.

फोकसचा बिंदू म्हणजे काय?

भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू पूर्ण स्पष्ट दाखविते. त्याच्या पुढे-मागे थोडा पट्टा ठीक दिसतो. वस्तू जितकी जवळ, तितका हा पट्टा अरुंद होतो. पान अगदी जवळून टिपताना तो काही मिलिमीटरच राहू शकतो. ज्या ठिकाणावरून कॅमेरा हे अंतर ठरवितो, तो फोकसचा बिंदू. आपण बिंदू निवडला नाही तर कॅमेरा स्वतः निवडतो, आणि बऱ्याचदा जेथे उजेड-सावलीचा फरक ठळक असेल तेथे जातो. एकसारख्या पिवळ्या पानापेक्षा मागच्या ढेकळांत तो फरक अधिक असतो, म्हणून ढेकळे स्पष्ट आणि पान पुसट येते.

मोबाईलमध्ये पडद्यावर पानाच्या रोगट भागावर बोट टेकविले की बिंदू तेथे येतो. बहुतेक फोनमध्ये बोट एक-दोन सेकंद दाबून धरल्यास फोकस तेथेच पक्का होतो.

एक तृतीयांशाचा नियम

चौकटीवर दोन उभ्या व दोन आडव्या रेषा सारख्या अंतरावर आखल्या आहेत असे समजा. नऊ घरे होतात आणि रेषा चार ठिकाणी छेदतात. मुख्य वस्तू मधोमध न ठेवता या रेषांवर किंवा छेदांवर ठेवावी, असा हा नियम आहे. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवरील पुस्तकात तो या नावाने मांडला. एका घटकाला एक भाग व दुसऱ्याला दोन भाग द्यावे, असा त्याचा गाभा आहे. चित्रकारासाठी तो सौंदर्याचा नियम आहे. आपल्याला त्याचा उपयोग असा, की रोगट भागाला एक भाग दिला की तुलनेसाठी दोन भाग शिल्लक राहतात. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' सुरू केल्यास या रेषा पडद्यावर दिसतात.

क्रम महत्त्वाचा

अनेक जुन्या स्वयंचलित फिल्म कॅमेऱ्यांत फोकसचा बिंदू मधोमध एकच असे. वस्तू मध्यभागी धरून बटण अर्धे दाबावयाचे आणि मग कॅमेरा बाजूला सरकवावयाचा, अशी पद्धत होती. दूरच्या देखाव्याला ती चालते. जवळून पान टिपताना मात्र कॅमेरा थोडा वळविला तरी अंतर बदलते व पान त्या अरुंद पट्ट्याबाहेर जाते. म्हणून आधी पान छेदबिंदूवर आणावे, नंतर त्याच ठिकाणी बोट टेकवावे आणि न हलता फोटो घ्यावा. बिंदू निवडण्याची सोय असलेल्या कॅमेऱ्यातही छेदाजवळचा बिंदू निवडावा.

तीन फोटो घ्यावेत

१) शेताचा : क्षितिज वरच्या आडव्या रेषेवर ठेवावे, म्हणजे दोन भाग पीक व एक भाग आकाश येईल. फोकस मधल्या ओळींवर ठेवावा. पिवळेपणा पट्ट्याने आहे की विखुरलेला, हे यातून कळते.

२) झाडाचा : रोगट झाड डाव्या उभ्या रेषेवर व निरोगी झाड उजव्या रेषेवर यावे. दोन्ही झाडे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असावीत. फोकस रोगट झाडाच्या शेंड्यावर ठेवावा.

३) पानाचा : रोगट व निरोगी भागाची सीमा छेदबिंदूवर आणून तेथेच फोकस करावा. पानाच्या खालच्या बाजूचाही असाच एक फोटो घ्यावा.

घ्यावयाची काळजी

- फोटो काढण्यापूर्वी भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसावे.
- फोन पानापासून साधारण वीतभर दूर धरावा. फार जवळ नेल्यास फोकस होत नाही.
- वारा असल्यास देठ डाव्या हाताने धरावा. पानामागे तळहात धरल्यास ढेकळे झाकली जातात.
- सकाळचा मऊ उजेड चांगला. भर उन्हात पानावर स्वतःची सावली पाडावी.
- आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे.
- व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीत त्याचा आकार कमी होतो व बारकावे जातात.
- पाठविण्यापूर्वी फोटो मोठा करून पाहावा. शिरा मोजता येत नसतील तर पुन्हा घ्यावा.

हा नियम प्रत्येक वेळी पाळावयाचा असे नाही. केवळ अळी ओळखावयाची असेल तर ती मधोमध चौकटभर आली तरी चालते. तुलना हवी असेल तेव्हा मात्र तो विसरू नये.

फोटोसोबत पिकाचे वाण, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि याआधी केलेल्या फवारण्या जरूर कळवाव्यात. सल्ला देणाऱ्याने स्पष्ट फोटो मागितला तर कंटाळू नये. आणि पुसट फोटोवरून कोणी लगेच औषधाचे नाव सांगितले, तर पंप खांद्याला लावण्यापूर्वी आणखी एकदा शेतात जाऊन पान उलटून पाहावे.