एक ना धड...?

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. तीन वर्षं अकोल्यात पुस्तकांचं संपादन, आता मेळघाटात वनहक्कांचं काम. घरचे म्हणतात, 'एक ना धड भाराभर चिंध्या.' मुलाखतीतही हेच ऐकावं लागतं. काय करू?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, तुमच्याच गावच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते पापळचे पंजाबराव देशमुख आठवा. वैदिक वाङ्मयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट, वकिली, 1927 चा अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा, 'महाराष्ट्र केसरी' हे पत्र, 1932 ची शिवाजी शिक्षण संस्था, पुढे केंद्रात कृषिमंत्रिपद. चिंध्या म्हणायची कोणाची छाती आहे? (त्यांच्या काळी बायोडेटा दोन पानांत बसवायचा नव्हता, हे खरं.)

आता तुमचं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिथे कुणी 'धावडा'च्या जागी 'धायटी' लिहिलं, की डिंकाचं झाड जाऊन आसवात टाकायच्या फुलांचं झुडूप येतं. ही चूक नुसत्या वनस्पतितज्ज्ञाच्या किंवा नुसत्या मुद्रितशोधकाच्या हातून निसटू शकते; तुमच्या हातून निसटणार नाही. मुलाखतीत पदव्या सांगू नका, अशी दुरुस्त केलेली दोन पानं पुढे ठेवा.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरलाही जाऊन या. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावानं सीताफळाची विक्री स्वतः हाती घेतली. तिथल्या ग्रामसभेचे कागद वाचा.

पैसा मात्र तुटक येतो. संपादनाची कामं सोडू नका.